घडी न मोडलेली गाडी: कमी चाललेल्या संग्राह्य गाडीचा भाव ठरतो कसा?

२०२५ मध्ये गाडीवेड्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर दोन बातम्यांनी धुमाकूळ घातला. मे महिन्यात फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय भारतात आली. पहिली खेप दीडशे गाड्यांची, किंमत ५३ लाखांच्या घरात. मग ऑक्टोबरात स्कोडाने ऑक्टाव्हिया आरएस, म्हणजे ऑक्टाव्हियाची वेगवान, स्पोर्टी आवृत्ती आणली, त्या तर मोजून शंभर, किंमत ४९.९९ लाख. दोन्ही हातोहात खपल्या. ज्यांना मिळाल्या नाहीत ते जुन्या बाजाराकडे वळले आणि तिथले आकडे बघून चक्रावले.

त्यातलाच एक माझा नाशिकच्या सातपूरचा मित्र. त्याचा फोन आला, "२०२० ची ऑक्टाव्हिया आरएस आहे, पाच हजार किलोमीटर चाललेली. माणूस जवळजवळ नव्या गाडीचे पैसे मागतोय. सहा वर्षांची जुनी गाडी! त्याला कळतंय का काही?"

कळत असावं. मात्र तो मागतोय तेवढे पैसे द्यावेत का, हा प्रश्न वेगळा आणि जरा गुंतागुंतीचा आहे.

## विम्याच्या कागदावर अठरा, मालकाच्या तोंडी पस्तीस

साध्या गाडीचा हिशेब आपल्या सगळ्यांना तोंडपाठ आहे. शोरूमच्या दारातून बाहेर पडली की किंमत उतरली. विमा कंपन्यांनी तर या उतरणीचा तक्ताच बांधून दिलाय. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर जास्तीत जास्त किती रक्कम मिळेल, तो पॉलिसीवरचा आकडा म्हणजे आयडीव्ही. पहिल्या सहा महिन्यांत पाच टक्के वजा, वर्षाच्या आत पंधरा, दोन वर्षांपर्यंत वीस, मग तीस, चाळीस, आणि पाचव्या वर्षी पन्नास. त्यापुढे तक्ता संपतो आणि आकडा कंपनी व मालक यांनी आपसांत ठरवायचा असतो.

मित्राने पाहिलेली गाडी २०२० मध्ये आली तेव्हा शोरूम किंमत ३५.९९ लाख होती आणि भारतासाठी फक्त दोनशे गाड्या होत्या. तक्त्याने चाललो तर पाच वर्षांत ती अठरा लाखांवर येते. मालक मागतोय पस्तीसच्या आसपास. तक्ता चुकलेला नाही. तो ज्या गाड्यांसाठी बांधला त्या रोज कॉलेज रोडवरून अंबडला जाणाऱ्या आणि हव्या तेव्हा नव्या मिळणाऱ्या गाड्या आहेत. जी वस्तू पुन्हा नवी मिळतच नाही, तिच्यासाठी हा तक्ता नाही.

अशी गाडी आधी इतरांसारखीच उतरते, मग कुठेतरी तळाला टेकते, आणि मोजक्या नशीबवान गाड्या तिथून वर चढू लागतात. चढायला तीन गोष्टी लागतात. संख्या थोडी हवी. तशी गाडी पुन्हा बनणार नाही अशी परिस्थिती हवी. आणि तिसरी, लोक विसरतात ती: ती गाडी विशीत भिंतीवरच्या पोस्टरवर पाहिलेली आणि आता पंचेचाळिशीत खिसा भरलेला असलेली पिढी हवी.

संख्या थोडी का असते? परदेशात मंजूर झालेलं मॉडेल इथल्या सगळ्या चाचण्या पुन्हा न करता वर्षाला अडीच हजारांपर्यंत आणायची मुभा कंपन्यांना मिळाली आहे. अशा खास गाड्या त्या वाटेने येतात, आणि कंपन्या त्यातही शंभर-दोनशेच आणतात.

पण थोडी संख्या म्हणजे लगेच सोनं, असंही नाही. २०१६ च्या शेवटी फोक्सवॅगनची पोलो जीटीआय आली. तीन दारं, १.८ लिटरचं टर्बो इंजिन, १९२ अश्वशक्ती, आणि गाड्या फक्त ९९. किंमत २५.९९ लाख. लोकांनी नाकं मुरडली, "पोलोला पंचवीस लाख?" कंपनीला किंमत वीस लाखांच्या खाली आणावी लागली. आज त्याच गाडीचं नाव काढलं की जाणकारांचे डोळे चमकतात. तेव्हा घेतली नाही म्हणून हळहळणारे मला नाशकातच भेटलेत. त्यात मीही आहे, पण तो विषय नको.

## कमी किलोमीटर म्हणजे आपण नक्की काय विकत घेतो?

येवल्याच्या पैठणीचं बघा. कपाटात ठेवलेली, एकदाही न नेसलेली पैठणी आणि एकाच लग्नात नेसलेली पैठणी यांच्यात कापड म्हणून काय फरक असतो? नावालाच. पण घडी मोडली की मोडली. पहिल्या नेसण्याने जेवढी किंमत उतरते तेवढी विसाव्या नेसण्याने उतरत नाही. नाशिकरोडच्या छापखान्यातून आलेल्या नोटांचंही तेच. जुन्या नोटा जमवणारे कोऱ्या, घडी न पडलेल्या नोटेला वेगळे पैसे मोजतात. मधोमध एकच घडी पडली तरी ती त्यांच्या लेखी "कोरी" राहत नाही.

गाडीचे पहिले किलोमीटर असेच महाग असतात. पाचशे किलोमीटर चाललेली गाडी पाच हजारांवर गेली की तिचा भाव जेवढा घसरतो, तेवढा पंचेचाळीस हजारांची पन्नास हजार झाल्याने घसरत नाही. पन्नास हजारांच्या गाडीला लोक "वापरलेली, चांगली" म्हणतात आणि पुढच्या पाच हजारांनी ते मत बदलत नाही.

जगातलं टोकाचं उदाहरण मॅकलारेन एफ१ या ब्रिटिश सुपरकारचं आहे. एकूण १०६ गाड्या बनल्या. १९९५ ची, जेमतेम २४२ मैल, म्हणजे ३९० किलोमीटरच्या आसपास चाललेली एक गाडी ऑगस्ट २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लिलावात २ कोटी डॉलरच्या वर गेली. मथळे झाले ते किलोमीटरांचे. पण दोन वर्षं आधी, २०१९ मध्ये, तिथेच दुसरी मॅकलारेन एफ१ १.९८ कोटी डॉलरला गेली होती, आणि ती एकवीस हजार किलोमीटरच्या आसपास चाललेली होती! फरक एवढाच की कारखान्याने स्वतः तिला शर्यतीच्या गाडीच्या धर्तीवर बदलून दिलं होतं आणि तशा गाड्या अगदी मोजक्या होत्या. कमी किलोमीटर ही दुर्मिळतेची एक जात झाली. दुसऱ्या जातीची दुर्मिळता तिला गाठू शकते.

म्हणून "रनिंग कमी आहे ना, मग झालं" हे वाक्य मला पटत नाही. पाच हजार चाललेल्या साध्या डिझेल सेडानला कोणी जास्तीचे पैसे देणार नाही, कारण तिची आठवण जपावी असं कोणाला वाटत नाही. घडी न मोडल्याची किंमत पैठणीला असते, वापरायच्या साडीला नसते. आणि स्टिकर लावून, सीटवर वेगळी शिलाई मारून "लिमिटेड एडिशन" म्हणून विकलेल्या गाड्या? इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन तेच असेल तर ती साडी साधीच, फक्त पिशवी पैठणीच्या दुकानाची.

## आकडा खरा कशावरून?

आता खरी मेख. मीटर मागे करणं अवघड राहिलेलं नाही. जुन्या गाडीत ड्रिल मशीनने, नव्या गाडीत लॅपटॉपने. जिथे प्रत्येक हजार किलोमीटरला पैसे आहेत तिथे हात साफ करणारेही आहेत. त्यामुळे मीटरवरचा आकडा हा विक्रेत्याचा दावा धरायचा, पुरावा नाही. पुरावा दुसरीकडून गोळा करायचा.

सगळ्यात स्वस्त पुरावा टायरवर असतो. टायरच्या बाजूला छोट्या चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. "२३२०" म्हणजे २०२० सालचा तेविसावा आठवडा. पाच हजार चाललेल्या २०२० च्या गाडीला टायर कारखान्यातलेच असणार, म्हणजे तारीख गाडीच्या जन्माच्या थोडी आधीची हवी. टायर नवे असतील तर का बदलले, बिल कुठे आहे, जुने कुठे गेले, हे विचारायचं. पाच हजारांत टायर झिजत नाहीत. मात्र उभे राहून ते कडक होतात, म्हणून उत्तर प्रामाणिकही असू शकतं. बिल मात्र हवं.

मग काचा. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात खुणा असतात. पाच काचा एका काळातल्या आणि सहावी वेगळी, तर ती फुटली होती किंवा गाडी ठोकली होती. ब्रेक पेडलच्या रबराचा कोपरा गुळगुळीत झालाय का? ड्रायव्हर सीटचा दाराकडचा फुगवटा बसलाय का? स्टीअरिंगचं कातडं चकाकतंय का? ब्रेक डिस्कच्या कडेला बोट फिरवून बघा, हाताला उंचवटा लागला तर डिस्क बरीच झिजलीय. पाच हजारांत एवढं होत नाही, नाहीतर मग ते पाच हजार शर्यतीच्या ट्रॅकवरचे आहेत, जे आणखी वाईट.

रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र मिळतं. कारखान्याचा रंग साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉन भरतो. एका दारावर एकदम तीनशेच्या वर आकडा आला तर खाली लांबी भरलीय, म्हणजे डेंटिंग-पेंटिंग झालंय.

आणि शेवटी कागद. दरवर्षीच्या सर्व्हिसची नोंद, तारीख आणि किलोमीटरसकट. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये चेसिस नंबरवरून जुना इतिहास निघतो. विम्याचे दावे, मालक कितवा, कर्जाचा बोजा उतरलाय की नाही, हे सरकारच्या 'वाहन' पोर्टलवरून आणि पॉलिसीवरून तपासता येतं. गाडीच्या वेगवेगळ्या कंट्रोल युनिटांमध्येही किलोमीटर साठवलेले असतात. मीटर मागे करणारा घाईत एखादं युनिट विसरतो आणि स्कॅनर लावला की तिथे खरा आकडा निघतो.

या गाड्यांना एक खास रोग आहे, रीमॅप. म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम बदलून जादा ताकद काढणं. आरएस आणि टर्बो पोलोच्या दुनियेत हे इतकं सर्रास चालतं की न केलेली गाडी शोधावी लागते. विकताना प्रोग्रॅम पूर्ववत करतात, एक्झॉस्ट मूळचा बसवतात आणि "एकदम स्टॉक आहे, सर" म्हणतात. जादा ताकदीने घासलेला क्लच मात्र पूर्ववत होत नाही. मला विचाराल तर वीस हजार चाललेली, पण प्रत्येक बिल जपलेली मूळ गाडी ही कागद नसलेल्या पाच हजारवालीपेक्षा जास्त किमतीची आहे.

## "पण उभी ठेवलेली गाडी खराब होते ना?"

होते. आणि पैठणीची उपमा इथेही सोबत येते. वर्षानुवर्षं एकाच घडीत ठेवलेली पैठणी घडीवरच विरते. म्हणून आज्या मधूनमधून ती काढून उलटी घडी घालून ठेवायच्या.

उभ्या गाडीचे टायर एका जागी दबून सपाट होतात. बॅटरी मरते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, चालवा किंवा उभी ठेवा. दारांची रबरं, इंजिनची सीलं, सस्पेन्शनचे बुश वाळून तडकतात. टायमिंग बेल्ट असलेल्या गाडीत तो किलोमीटरबरोबरच वर्षांवरही बदलायचा असतो. २०१५ ची, आपल्या रांजणगावात बनलेली १४५ अश्वशक्तीची फियाटची अबार्थ पुंटो कोणी दहा हजार किलोमीटरवर विकत असेल तर पहिला प्रश्न बेल्टचाच विचारा. पेट्रोल टाकीत महिनोन्‌महिने राहून बिघडतं. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल येतं, इथेनॉल पाणी धरतं, आणि जुन्या गाड्यांची रबरी नळी त्याचा विचार करून बनवलेली नसते. शिवाय गंगापूर रोडच्या पुढे मळ्यातल्या बंगल्यात गाडी झाकून ठेवली असेल तर बॉनेट उघडून वायरिंग बघाच. उंदरांना वायर कुरतडताना गाडी आरएस आहे की रिक्षा, हे कळत नाही.

नाशिककरांचं एक भाग्य असं की इथली हवा समुद्रकाठापेक्षा कोरडी. मुंबईत समुद्रासमोर दहा पावसाळे काढलेल्या गाडीचा तळ आणि एमएच-१५, म्हणजे नाशिक पासिंगच्या, घरात उभ्या असलेल्या गाडीचा तळ लिफ्टवर चढवून शेजारी शेजारी बघा, मग मी काही सांगायची गरज नाही.

म्हणजे कमी किलोमीटरच्या गाडीचा खर्च कमी नसतो, तो साचलेला असतो. टायर, बॅटरी, सगळी ऑइलं, रबरं यांचा अंदाज मेकॅनिककडून लिहून घ्यायचा आणि मागणीतून वजा करायचा.

## भाव काढायचा कसा? लासलगावला विचारा

लासलगावच्या बाजार समितीत दिवसाचा भाव तीन आकड्यांत सांगतात: कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सरासरी. आपला कांदा विकायला निघालेला शहाणा शेतकरी सरासरीवर हिशेब धरतो. जास्तीत जास्त भाव एका ट्रॉलीला मिळालेला असतो.

गाड्यांच्या बाजारात बातमी फक्त जास्तीत जास्त भावाची होते. मार्च २०१९ मध्ये अमेरिकेत १९९४ ची टोयोटा सुप्रा १,७३,६०० डॉलरला गेली. अकरा हजार मैलांच्या आसपास चाललेली, म्हणजे अठरा हजार किलोमीटर. असा एखादा आकडा जगभर फिरला की दीड लाख किलोमीटर चाललेल्या, तीनदा रंगवलेल्या सुप्राचा मालकही खुर्चीत ताठ बसतो. जाहिरातीतला आकडा ही मागणी असते, सौदा नव्हे. कुठल्या गाडीची जाहिरात किती दिवस टिकून आहे ते बघा. तीन महिने एकाच भावात पडून असेल तर तो भाव बाजाराने नाकारलेला आहे.

आपल्याकडे अशा एखाद्या मॉडेलच्या वर्षभरात मोजक्याच गाड्या विकल्या जातात, त्यामुळे त्या मॉडेलच्या मालकांच्या ग्रुपवर प्रत्यक्ष सौदे कितीला झाले हे विचारणं हाच खरा मार्ग. एक पाया ठरवायचा: तेच मॉडेल, चांगली अवस्था, चाळीसेक हजार किलोमीटर, प्रत्यक्ष किती रुपयांना गेली. समजा, वीस लाख. आपल्यासमोरच्या चार हजारवालीला मागणी तीस लाखांची. वरचे दहा लाख हे निव्वळ घडीचे. त्यातून साचलेला खर्च वजा करा, कागद अपुरे असतील तर मोठा तुकडा वजा करा, रंग मूळचा नसेल तर आणखी. परराज्यातली पासिंग असेल तर एनओसी आणि इथला रस्ता कर धरा. व्यापाऱ्याकडून घेत असाल तर त्याच्या नफ्यावर १८ टक्के जीएसटी असतो आणि तो शेवटी तुमच्याच खिशातून जातो. दोन व्यक्तींमधल्या थेट व्यवहारात तो नसतो.

आता गाडी घेऊन तुम्ही ती चालवली तर? समजा, वर्षाला सहा हजार. समृद्धी महामार्ग दाराशी आहे, इगतपुरी अर्ध्या-पाऊण तासावर आहे, मोह होणारच. तीन वर्षांत बावीस हजार होतील आणि त्या दहा लाखांतले, समजा, सात लाख गेलेले असतील. अठरा हजार किलोमीटरला सात लाख, म्हणजे दर किलोमीटरला एकोणचाळीस रुपये. पेट्रोल बारा किलोमीटरचं अ‍ॅव्हरेज धरून नऊ रुपयांच्या आसपास. पेट्रोलच्या चौपट पैसे नुसती घडी मोडण्यात जातात. चालवायची असेल तर चाळीस हजारवालीच घ्या. तिची घडी आधीच दुसऱ्याने, त्याच्या पैशाने मोडली आहे.

## "मग ही गुंतवणूक समजायची का?"

कांदा चाळीत ठेवणाऱ्याला ठाऊक असतं की भाव वाढेपर्यंत वजन घटतं. गाडीचंही तसंच. तीस लाख बँकेत सात टक्क्यांनी ठेवले तर पाच वर्षांत बेचाळीस लाख होतात. म्हणजे गाडी पाच वर्षांनी बेचाळिसाला गेली तरी तुम्ही जेमतेम जागच्या जागी. त्यात दरवर्षीचा विमा, बंद जागा, मधूनमधून चालवून ठेवायचा खर्च धरलेलाच नाही.

सरकारी घड्याळही चालू असतं. नोंदणी पंधरा वर्षांची, मग फिटनेस करून पाच-पाच वर्षांनी वाढवायची, हरित कर वेगळा. पन्नास वर्षं पूर्ण झाली की "व्हिंटेज" म्हणून वेगळी नोंदणी आणि व्हीए मालिकेचा नंबर मिळतो. २०२१ पासून तो नियम आहे. २०२० च्या गाडीला त्यासाठी २०७० उजाडेल. मधल्या काळात दिल्लीकर गिऱ्हाईक धरायचं तर तिथले गाडीच्या वयाचे नियम आधी तपासा.

करात एक गंमत आहे. स्वतःच्या वापराची गाडी आयकराच्या दृष्टीने भांडवली मालमत्ता धरत नाहीत, म्हणून ती नफ्यात विकली तरी भांडवली नफ्यावरचा कर लागत नाही. पण जी गाडी आपण वापरलीच नाही, नफ्यासाठीच झाकून ठेवली, ती "स्वतःच्या वापराची" कशी, असं एखाद्या अधिकाऱ्याने विचारलं तर? हा प्रश्न आपल्या सीएला आधी विचारलेला बरा.

आणि विम्याचं. पाच वर्षांवरच्या गाडीचा आयडीव्ही बोलून ठरवता येतो, हे वर आलंच. पस्तीसला घेतलेली गाडी पॉलिसीवर चौदाला पडली असेल आणि ती जळाली, तर चौदाच मिळतील. मूल्यांकनाचा लेखी अहवाल देऊन नूतनीकरणाच्या आधीच आकडा वाढवून घ्यायचा. कंपनी कुरकुर करते. पाठपुरावा करायचा.

मित्र परवा गाडी बघून आला. पाच हजार किलोमीटर, सिंगल ओनर, रंग सगळीकडे सव्वाशे मायक्रॉन, सर्व्हिसची नोंद दरवर्षीची. चारपैकी तीन टायर २०२० चे, चौथा २०२३ चा. मालक म्हणाला, कसाऱ्याच्या घाटात खिळा लागला. बिल घरी आहे म्हणाला, शोधून पाठवतो म्हणाला. आज आठ दिवस झाले, बिल आलेलं नाही. मित्राने मागणीतून तीन लाख उतरवून निरोप धाडलाय आणि इकडे मला रोज विचारतोय, घेतली तर रविवारी त्र्यंबकपर्यंत नेलेली चालेल का.